साहेबांनी विचारायच्या आधीच तीन ओळी पाठवा

दहा-बारा जणांच्या कंपनीत मालकच साहेब असतात आणि दर अर्ध्या तासाला "कुठवर आलं?" विचारतात. हातातलं काम तुटतं, डोकं उठतं. मी खालच्या दोन गोष्टी केल्या आणि साहेबांच्या विचारायच्या फेऱ्या खरंच कमी झाल्या.

१. सकाळी कामाला बसल्यावर आणि दुपारी ४ च्या सुमारास, रोज त्याच वेळी, व्हॉट्सअ‍ॅपवर तीनच ओळी टाका: झालं, चालू आहे, अडलंय. "काम चालू आहे" असं मोघम नको. "१४ पैकी ९ बिलं टाकली, उरलेली ५ वाजेपर्यंत" असं लिहा. आकडा दिसला की पुढचा प्रश्न येत नाही.

२. तोंडी काम सांगितलं की लगेच लिहून पाठवा: "सर, आधी कोटेशन, मग स्टॉकची यादी. कोटेशन आज, यादी उद्या दुपारपर्यंत. बरोबर ना?" मध्येच तिसरं काम आलं तर नाही म्हणू नका, "यातलं कोणतं मागे ठेवू?" एवढंच विचारा. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो, कारण उशीर का झाला याचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

पहिले आठ-दहा दिवस फेऱ्या चालूच राहतात, तरी मेसेज चुकवू नका.

एक काळजी घ्या: पैसे, सुट्टी किंवा ग्राहकाला दिलेली सवलत यांची मंजुरी ईमेलवरच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवणाऱ्याला नंतर दोन्हीकडून पुसता येतो.