वखारीत कन्व्हेयर घेण्याआधी

फोडलेलं लाकूड घमेल्यानं आणि डोक्यावरून थप्पीवर चढवणं बंद करून कन्व्हेयर, म्हणजे माल वर नेणारा चालता पट्टा, घ्यायचं ठरवलं असेल तर चांगलंच. माणसांच्या पाठी वाचतात आणि मृगाच्या आत शेड भरून होते. पण दुकानात जाण्याआधी कागदावर सगळ्यात वर एक शब्द लिहा: बॅकस्टॉप, म्हणजे पट्टा मागे सुटू न देणारी सोय. भरलेला तिरका पट्टा चालू असताना लाइट गेली तर तो कुठे जाईल? उलटा, खाली, भरणाऱ्या माणसाच्या पायावर. पहिल्या वेळी आमच्या यादीत लांबी होती, रुंदी होती, मोटार होती, हे नव्हतं. बाभळीच्या ढलप्यांनी भरलेला पट्टा लाइट गेल्याबरोबर मागे सुटला. खालच्या तोंडाशी उभा असलेला गडी वेळेत बाजूला झाला म्हणून त्याचा पाय शाबूत राहिला.

हिशोब साधा आहे, स्वतः करून बघा. २० फुटांचा पट्टा ३० अंशांवर उभा केला तर वरचं टोक खालच्यापेक्षा १० फूट उंच जातं. फुटाला एक ढलपी, एकेक ३ ते ४ किलोची, म्हणजे पट्ट्यावर ६० ते ८० किलो माल. ३० अंशांच्या उतारावर त्याच्या निम्मं वजन खाली ओढत असतं. मोटार चालू आहे तोवर ते जाणवत नाही. मोटार बंद पडली की ३०-४० किलोची ओढ पट्ट्याला उलटा फिरवते, आणि तो जसा सुटतो तसा वेग घेतो. ओली बाभूळ असेल, घाईत दोन-दोन ढलप्या टाकल्या असतील, तर आकडा आणखी वाढतो. त्यामुळे “आमचा कन्व्हेयर लहान आहे, त्याला काय लागतंय” हे ऐकून घेऊ नका.

बॅकस्टॉप म्हणजे रोलर एकाच दिशेनं फिरू देणारी कोणतीही सोय. दातेरी चाक आणि त्यात पडणारी खिट्टी असते, एकाच बाजूला फिरणारं क्लच-बेअरिंग असतं, किंवा वीज गेली की स्प्रिंगनं आपोआप आवळणारा ब्रेक असलेली मोटार असते. विक्रेता म्हणेल, वर्म गिअरबॉक्स (मळसूत्रासारख्या गिअरचा) आहे, तो उलटा फिरतच नाही. यावर विसंबू नका. गिअर घासला, तेल मुरलं, हादरे बसले की तो फिरू शकतो. शिवाय गिअरबॉक्स आणि वरचा रोलर यांच्यामध्ये साखळी असते. ती तुटली तर गिअरबॉक्स जागच्या जागी थांबेल आणि पट्टा खाली येईल. म्हणून बॅकस्टॉप शक्यतो वरच्या रोलरच्याच शाफ्टवर हवा, मोटारीकडे नको. हे तोंडी नको, कोटेशनवर लिहून घ्या. आणखी एक मेख: काही कन्व्हेयरना अडकलेलं लाकूड सोडवायला पट्टा उलटा चालवायचं बटण देतात आणि तेच मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. खिट्टीचा बॅकस्टॉप असला की पट्टा उलटा चालणार नाही. ते बटण हवंच असेल तर ब्रेकवाली मोटार घ्या, पण साखळी तुटली तर तो ब्रेक पट्टा धरणार नाही हे लक्षात ठेवा. बटण आहे पण ब्रेक नाही, असं यंत्र घेऊ नका.

आता प्रकार. गोदामात पोती चढवायचे जुने पट्टे स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. ते पोत्यांसाठी असतात: पट्टा सपाट, बाजूला कठडा नाही. पोतं पट्ट्यावर बसून राहतं, लाकूड गडगडतं. सपाट पट्ट्यावर साधारण १५-१८ अंशांच्या वर सुटा माल टिकत नाही. त्यापुढे आडव्या पट्ट्या, म्हणजे क्लीट, लागतातच. दुसरा पर्याय पत्र्याच्या पन्हळीतून साखळीनं ओढल्या जाणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा. आवाज फार करतो, पण लाकडाच्या कुसळांनी फाटत नाही आणि गावातला वेल्डर दुरुस्त करू शकतो. रबरी पट्टा शांत चालतो, मात्र बाभळीच्या धारदार कडा त्याला कापतात. रोज तासन् तास चालवायचा असेल आणि शेजारी घरं नसतील तर मी साखळीच सुचवीन. दोन्हींना बॅकस्टॉप लागतो. साखळीवालाही उतरणीला माल घेऊन उलटा येतो.

रुंदी बघताना लोक फक्त “मोठी बरी” म्हणतात. पन्हळ तुमच्या सगळ्यात लांब तुकड्यापेक्षा स्पष्ट रुंद हवी, नाहीतर इतकी अरुंद की तुकडा आडवा होऊच नये. दीड फुटाची ढलपी आणि सव्वा फुटाची पन्हळ असेल तर तुकडा तिरका होऊन दोन्ही कठड्यांत पाचरीसारखा बसतो, मागचा माल त्यावर चढतो आणि मग कोणीतरी चालू यंत्रात हात घालतं. खालचं तोंड भरणाऱ्याच्या कमरेइतकं उंच हवं. लाकूड फोडायचं यंत्र असेल तर त्याच्या टेबलाची उंची मोजून घेऊन जा. लांबी ठरवताना जमिनीवरची जागाही मोजा. ३० अंशांवर २० फुटांच्या यंत्राला खाली सव्वासतरा फूट लागतात, शिवाय मागे माणसाला वावरायला जागा.

मोटारीबद्दल फार डोकं शिणवू नका. तासाला ४ टन लाकूड ३ मीटर चढवायला लागणारी निव्वळ शक्ती जेमतेम ३३ वॅट भरते. बाकी सगळं घर्षण आणि भरलेला पट्टा सुरू करण्याचा जोर. लहान कन्व्हेयरला एक-दोन अश्वशक्ती पुष्कळ.

विजेच्या बाबतीत मात्र थांबा, कारण बॅकस्टॉप लावून गोष्ट संपत नाही. शेतातल्या पंपाला बसवतात तो ऑटो स्विच कन्व्हेयरला कधीही लावायचा नाही. रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून तो असतो. इथे लाइट आली तेव्हा कोणाचा हात रोलरजवळ असेल सांगता येत नाही. वीज गेल्यावर स्टार्टर पडलाच पाहिजे आणि माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय पट्टा हलता कामा नये. दुसरं, डीपीवर किंवा लाइनवर दुरुस्ती झाली की कधी कधी फेज उलटसुलट जोडले जातात आणि थ्री-फेज मोटार उलटी फिरते. शाफ्टवर बॅकस्टॉप असेल तर मोटार जाम होऊन जळू शकते, नसेल तर लाकूड खाली येईल. फेज सिक्वेन्स, म्हणजे फेजचा क्रम, बघून चुकला तर मोटार सुरूच होऊ न देणारा रिले बसवून घ्या. पहिल्यांदा जोडणी करताना साखळी काढून मोटारीची दिशा बघा, मग साखळी चढवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. ओल्या लाकडात, ओल्या पायांनी काम चालतं.

वखार कायद्यानं कारखाना ठरो न ठरो, १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ मध्ये चालत्या भागांना कुंपण घालायला सांगितलं होतं, ते आपणही पाळावं. दोन्ही टोकांच्या रोलरना जाळी, साखळीवर झाकण. पट्ट्याच्या कडेनं पूर्ण लांबीची ओढदोरी, कुठूनही ओढली की यंत्र बंद; लाल बटण एकट्या मोटारीजवळ असेल तर खालच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. गळ्यातला टॉवेल, ओढणी, सुटा पदर, सैल बाह्या यातलं काहीही यंत्राजवळ नको. बायका ढलप्या भरत असतील तर पदर खोचलेला आहे ना हे मुकादमानं रोज बघायचं, एकदा सांगून सोडायचं नाही.

यंत्र उभं करताना वर बघा. वखारीवरून गेलेली वीजवाहक तार आणि उचललेलं लोखंडी टोक यांची गाठ पडली तर वाचवणारं काही नाही. हलवायच्या आधी टोक पूर्ण खाली आणा, मग ढकला. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जमीन भुसभुशीत असेल तर खाली फळ्या घाला.

मग चाचणी, आणि ही टाळू नका. पट्टा पूर्ण भरा, सगळ्यांना बाजूला काढा, चालू यंत्राचा मेन स्विच पाडा. पट्टा जरा दबून जागीच थांबला पाहिजे. वीतभरही सरकत राहिला तर यंत्र परत पाठवा. ही चाचणी विक्रेत्याच्या माणसासमोर आणि पैसे पूर्ण देण्याआधी करायची. पुढे दर महिन्याला करायची, कारण खिट्टीत सालीचा चुरा बसतो, गंज चढतो आणि ती पडायची तेव्हा पडत नाही. बॅकस्टॉप आहे आणि बॅकस्टॉप काम करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चालवताना: आधी रिकामा पट्टा सुरू, मग माल. बंद करायच्या आधी पट्टा रिकामा होऊ द्या. खालच्या तोंडाच्या बरोबर मागे नव्हे, बाजूला उभं राहून भरा. बॅकस्टॉप असला तरी. वरून पडणाऱ्या लाकडाखाली कोणी नाही, मुलं तर आवारातही नकोत. साल आणि माती खालच्या रोलरवर साचते, पट्टा एका बाजूला सरकतो, कड फाटते. संध्याकाळी खरवडून काढा, मेन स्विच पाडून आणि फ्यूज खिशात ठेवून.

ढीग शंकूसारखा वाढला की टोक थोडं बाजूला फिरवा. ओलं लाकूड असं ढिगातच ठेवलं तर आत वारा जात नाही, बुरशी धरते; खालून हवा खेळेल अशी थप्पी नंतर हातानंच लावावी लागते, ते काम यंत्र करत नाही.

पावसात मोटारीवर झाकण. बेअरिंगना ग्रीस. हंगाम संपला की पट्ट्याचा ताण सैल करा, टोक खाली, चाकांखाली विटा.