पंचेचाळीस कोल्टसाठी गोळी कशी निवडावी: आधी सिलिंडर मोजा, मग डबा विकत घ्या

पन्नास फैरी झाडून घरी आलो आणि नळीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं, तर रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर शिशाचे राखाडी पापुद्रे बसलेले. ब्रश घासून ते काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. गोळ्या महागातल्या होत्या. डब्यावर ‘कडक मिश्रधातू’ असं ठळक छापलेलं होतं आणि मी तेवढंच वाचून त्या घेतल्या होत्या. गोळ्या चांगल्याच होत्या, पण माझ्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेल्या फिरत्या नळकांड्याच्या, मापाच्या नव्हत्या. अमेरिकेत राहून हाताने काडतुसं भरण्याचा छंद लागलेल्या मराठी मंडळींना मी म्हणूनच सांगतो: वजन, आकार, धातू हे सगळं नंतर. पहिली खरेदी मायक्रोमीटरची.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ, कारण मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), आत दारू आणि तोंडाशी बसवलेला शिशाचा तुकडा, हे सगळं मिळून काडतूस. या लेखात गोळी म्हणजे फक्त तो शेवटचा तुकडा, नळीतून बाहेर पडणारा. आणि पंचेचाळीस कोल्ट हे रिव्हॉल्व्हरच्या एका जुन्या काडतुसाचं नाव.

कायद्याचंही सांगून ठेवतो. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रिव्हॉल्व्हरचा परवाना खिशात आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, ते आपापले पाहून घ्यावेत.

पहिली पायरी: आपलं रिव्हॉल्व्हर कोणत्या काळातलं आहे ते ओळखा

अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि त्याच्याबरोबर हे काडतूस प्रसिद्ध झालं. मूळ भरणी होती ४० ग्रेन काळी दारू आणि २५५ ग्रेनची मऊ शिशाची गोळी, म्हणजे जवळपास साडेसोळा ग्रॅम. (७,००० ग्रेनचा एक पौंड. या छंदात ग्रॅम विसरायचे आणि ग्रेनमध्येच विचार करायचा.) त्या काळच्या नळीचं खाचांमधलं माप ०.४५४ इंच असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ०.४५१ ते ०.४५२ इंचांवर आलं. काडतुसाचं नाव तेच राहिलं, गोळीचं माप मात्र बदललं. बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक शिशाच्या गोळ्या ०.४५२ च्या असतात. आजोबांच्या वेळचं कोल्ट हाती आलं असेल, तर त्यात त्या सैल बसतील.

१९०० च्या आधीचं कोल्ट असेल, तर गोळी निवडण्याआधी जाणत्या गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) दाखवा. ती रिव्हॉल्व्हरं काळ्या दारूच्या दाबासाठी बनली होती. आयडाहोचे शिकारी आणि लेखक एल्मर कीथ यांच्या हातात १९२५ मध्ये असंच एक जुनं पंचेचाळीस फुटलं. त्यानंतर ते ४४ स्पेशल या दुसऱ्या काडतुसाकडे वळले.

दुसरी पायरी: सहाही घरं मोजा

या पायरीवर घाई करू नका. लेखातलं एवढं एकच करून बाकी सोडून दिलंत तरी चालेल.

सिलिंडरच्या प्रत्येक घराच्या पुढच्या अरुंद तोंडाला थ्रोट म्हणतात. पुंगळी सोडली की गोळी प्रथम त्यातून जाते आणि मग नळीत शिरते. थ्रोट नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी तिथेच चेपली जाते आणि नळीत गेल्यावर सैल पडते. मग मागचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे घुसतो, शिसं वितळवतो आणि ते नळीला चिकटतं. माझ्या बाबतीत हेच घडलं होतं. नळी ०.४५२ ची आणि थ्रोट ०.४५० चे. दोन हजारांश इंच म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, पण शिशाला तेवढी फट पुरते.

मोजायचं असं. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची दोनदा खात्री करा आणि सिलिंडर काढून टेबलावर ठेवा. मासेमारीच्या दुकानात मिळणारी शुद्ध शिशाची गुळगुळीत वजनं घ्या, नळीच्या मापाहून किंचित मोठी. एकावर तेलाचं बोट फिरवा आणि लाकडी दांडक्याने हलके ठोके देत ते नळीच्या तोंडातून आत ढकला. लोखंडी सळई वापरू नका, रायफलिंगला ओरखडे पडतील. बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचे उंचवटे उमटलेले दिसतात. उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मायक्रोमीटरने मोजा. कॅलिपर या कामाला पुरेसा अचूक नसतो. खाचांची संख्या विषम असेल, तर समोरासमोर उंचवटे येत नाहीत. तेव्हा व्ही आकाराच्या ठोकळ्याचा मायक्रोमीटर लागतो. मग सहाही थ्रोटमधून एकेक तुकडा असाच काढा आणि सहा आकडे लिहून ठेवा. सगळे सारखे येतीलच असं नाही.

मायक्रोमीटर हाताशी नसेल, तर निदान ही परीक्षा करा. विकत घ्यायच्या गोळ्यांमधली एक मागा आणि सिलिंडरच्या पुढच्या बाजूने थ्रोटमध्ये ठेवा. ती आपोआप घरंगळून आत पडली तर लहान आहे. अंगठा दुखेपर्यंत दाबूनही हलली नाही तर मोठी. अंगठ्याच्या बेताच्या दाबाने, किंचित चिकटत सरकली, की माप जुळलं. हा स्पर्श एकदा कळला की पुन्हा विसरत नाही.

थ्रोट नळीहून लहान निघाले तर कोणतीही गोळी आणली तरी तक्रार राहणार. गनस्मिथकडून ते ०.४५२५ पर्यंत रीम करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून घ्या. मी करून घेतले आणि त्याच डब्यातल्या उरलेल्या गोळ्या नीट चालल्या. उलट थ्रोट ०.४५४ किंवा अधिक असतील, तर तेवढ्या मापाची गोळी मागवा, पण आधी दारू आणि प्रायमर न घालता एक नमुना काडतूस बनवून ते सहाही घरांत जातं का पाहा. जाड पितळ आणि जाड गोळी एकत्र आली की ते कधीकधी अडकतं.

तिसरी पायरी: शिसं किती कडक हवं

‘जितकं कडक तितकं चांगलं’ हा समज फार पसरलेला आहे, आणि पंचेचाळीस कोल्टच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. दारू पेटली की गोळीचं बूड दाबाने किंचित फुगतं आणि फट बुजवतं. फार कडक गोळी फुगत नाही. या काडतुसाचा अमेरिकेतला प्रमाणित कमाल दाब चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. ४४ मॅग्नमचा ३६,०००, म्हणजे अडीच पटींहूनही जास्त. गोळ्या ओतणारे एक ठोकताळा वापरतात: दाबाला १,४२२ ने भागा, ब्रिनेल कठीणतेचा (धातू किती कडक ते सांगणाऱ्या आकड्याचा) अंदाज मिळतो. १४,००० ला भागल्यावर येतात जेमतेम १०. शुद्ध शिशाची कठीणता ५ च्या आसपास असते, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील यांची १० च्या आसपास आणि छपाईच्या लिनोटाइप धातूची सुमारे २२. सौम्य भरणीसाठी ८ ते १२ ची गोळी घ्या. डब्यावर १८ किंवा २२ लिहिलेलं असेल, तर ती जोरकस भरणीसाठी आहे.

बुडाकडेही लक्ष द्या. सपाट बूड उत्तम. कडेला तिरकं तासलेलं बूड पुंगळीत सहज बसतं, म्हणून कारखानदारांना ते सोयीचं, पण वायूला तिथे शिरायला जागा मिळते. बुडाला तांब्याची टोपी असलेल्या गोळ्यांची या दाबाला गरज नाही.

चौथी पायरी: वजन

माशी आणि मागची खाच कायमची बसवलेली असेल, म्हणजे नेम सरकवण्याची सोय नसेल, तर २५० ते २५५ ग्रेनपासून सुरुवात करा. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा नेम साधारण याच वजनाला धरून बसवलेला असतो. हलकी, वेगवान गोळी नळी वर उचलली जाण्याआधीच निघून जाते आणि निशाणाच्या खाली लागते. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि वर लागते. ऐकायला हे उलटं वाटतं. कागदावर दोन वजनं झाडून पाहा, पटेल.

काउबॉय स्पर्धांत धक्का कमी व्हावा म्हणून २०० ग्रेनची गोळी पुष्कळजण वापरतात. लोखंडी निशाणं जवळ असल्यामुळे तिथे शिशाचीच गोळी लागते, जॅकेटची (तांब्याच्या आवरणाची) चालत नाही. ३०० ग्रेन आणि त्याहून जड गोळ्या जाड सिलिंडरच्या भक्कम रिव्हॉल्व्हरसाठी. रूगर ब्लॅकहॉकसारख्यांसाठी भरणी-पुस्तिकांत वेगळं प्रकरण असतं. त्यातले आकडे कोल्टमध्ये कधीही वापरू नका. काडतूस दोन्हींत बसतं आणि धोका तिथेच आहे.

पाचवी पायरी: आकार

कागदी निशाणावर नेम पाहायचा असेल, तर कीथ यांनी लोकप्रिय केलेली सेमी-वॉडकटर माझ्या आवडीची. रुंद सपाट नाक, पुढे पूर्ण जाडीची पट्टी, वंगणाची खोल खाच. ती कागदात कंपासने काढल्यासारखं गोल भोक पाडते. सपाट नाकाची गोलसर गोळी मात्र सर्वगुणी. तेच काडतूस लिव्हर रायफलमध्येही वापरणार असाल, तर दुसरा विचारच नको. तिथे काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर आदळलं तर मोठा अपघात होतो.

तांब्याच्या जॅकेटची गोळी शिकारीपुरती ठेवा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालत नाही, तिथे पूर्ण तांब्याची किंवा दुसरी बिनशिशाची घ्यावी लागते. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब असते आणि पुंगळीत खोल बसते. आतली जागा घटली की दाब वाढतो. म्हणून भरणीचा आकडा नेहमी त्याच गोळीचा, त्याच बनावटीचा घ्यायचा, वजन सारखं आहे म्हणून दुसरीचा नाही. सुरुवात पुस्तिकेतल्या किमान आकड्यापासून.

सहावी पायरी: क्रिंपची खाच पाहा

या काडतुसाच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी बाहेर डोकावली तर सिलिंडर फिरायचं थांबतं. म्हणून गोळीवर खोल, स्पष्ट खाच हवी आणि पुंगळीचं तोंड तिच्यात नीट वळवलेलं हवं, यालाच क्रिंप म्हणतात. काडतुसाची कमाल लांबी १.६०० इंच आहे. खाचेत क्रिंप केल्यावर ती ओलांडली जात असेल, तर ती गोळी तुमच्या सिलिंडरसाठी नाही.

शिसं हाताळताना खाणंपिणं बंद, खोलीत वारा खेळता, लहान मुलं लांब. उठल्यावर आधी साबणाने हात.

विकत घेताना पाचशेचा डबा उचलू नका. शंभर घ्या, किंवा ओळखीच्याकडून पन्नास मागा. त्यातली वीस काडतुसं भरून मैदानावर न्या. जुन्या पद्धतीच्या कोल्टमध्ये पाचच भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. पाचव्या काडतुसाची लांबी आधी मोजून ठेवा, चार फैरी झाडा आणि ते काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिंप कमी पडतोय.

सगळी झाडून झाली की नळीत बॅटरी टाका. शिसं सिलिंडरकडच्या तोंडाशी साचलं असेल, तर गोळी लहान किंवा फार कडक आहे, पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा. बाहेरच्या तोंडाशी साचलं असेल, तर माप ठीक आहे, वाटेत वंगण संपतंय. तीच गोळी जास्त वंगणाची किंवा पावडर-कोटिंग केलेली मागवा.