लिस्बनचे तीन दिवस कसे आखावेत

लिस्बनचा नुसता नकाशा पाहून सहल आखणारा माणूस हमखास फसतो. साओ जोर्जेचा किल्ला आणि कार्मो मठाचे भग्नावशेष नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतात; प्रत्यक्षात दोहोंच्या मध्ये बायशाचा सखल भाग आहे, आणि एकीकडून दुसरीकडे जायचे तर एक टेकडी उतरून दुसरी चढावी लागते. म्हणून तीन दिवसांच्या मुक्कामासाठी माझा आग्रह एकाच नियमाचा आहे: दिवसाला एकच टेकडी घ्यावी, सकाळी वाहनाने किंवा लिफ्टने माथ्यावर जावे आणि मग पायी, रमतगमत खाली उतरत यावे. बाकीचे नियोजन या नियमाभोवती बसवता येते.

तारखा आणि वार

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हे महिने फिरण्यास उत्तम. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत थंडी सौम्य असली तरी अटलांटिकवरून येणारा पाऊस दिवस वाया घालवू शकतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन व गर्दी दोन्ही असह्य होतात. १२ आणि १३ जूनला सेंट अँथनीचा उत्सव असतो. वसई आणि गोव्यातल्या घराघरांत ज्या सेंट अँथनीला पुजतात, त्याचा जन्म लिस्बनचाच. त्या रात्री किल्ल्याखालच्या आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजले जातात, गाणी चालतात आणि पाऊल ठेवायला जागा उरत नाही. उत्सव अनुभवायचा असेल तर तो जरूर गाठावा; शांतपणे शहर पाहायचे असेल तर तो आठवडा टाळावा.

वाराचा विचार तर अनेक जण करतच नाहीत. जेरोनिमोस मठ आणि बहुतेक राष्ट्रीय संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर कार्मोचे पुरातत्त्व संग्रहालय रविवारी बंद असते. मुक्कामात सोमवार येत असेल तर तो किल्ला आणि आल्फामासाठी राखून ठेवावा, कारण किल्ला सोमवारीही उघडा असतो.

व्हिसा आणि विमान

पोर्तुगाल शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, क्षेत्रात येत असल्याने भारतीय पासपोर्टधारकांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो; निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांचा अवधी हाताशी ठेवावा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला असावा. लिस्बनबरोबर दुसराही देश पाहणार असाल, तर ज्या देशात जास्त दिवस राहायचे आहे त्याच्याकडेच अर्ज करावा लागतो.

विमान एखाद्या ठिकाणी बदलावे लागते. ते दुबई किंवा इस्तंबूलला बदलले तर पासपोर्टची तपासणी थेट लिस्बनला होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदलले तर ती तिथेच होते. शेंगेनच्या सीमेवर आता पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जात असल्याने रांगा लांबतात. अशा विमानतळावर दोन विमानांच्या मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये.

मुक्काम कुठे करावा

आल्फामातली घरे छायाचित्रांत मोहक दिसतात, परंतु तिथल्या अनेक गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि बॅगा पायऱ्यांवरून उचलून न्याव्या लागतात. बाइरो आल्तोमध्ये रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील तर बायशा, रोसिओ किंवा आव्हेनिदा दा लिबेर्दादे यांच्या आसपास, मेट्रो स्थानकाजवळचे हॉटेल निवडावे. विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोच्या लाल मार्गिकेने जोडलेला आहे. हॉटेलच्या भाड्याव्यतिरिक्त दर रात्री माणशी ४ युरो नगरपालिकेचा कर द्यावा लागतो, तो हिशेबात धरावा.

पहिला दिवस: किल्ल्याची टेकडी

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम किल्ल्याच्या टेकडीवरून जाते खरी, पण मार्तीम मोनिझच्या थांब्यावर तिची रांग मोठी असते आणि आतल्या दाटीत खिसेकापूंचे चांगले फावते. ट्रामचा अनुभव हवाच असेल तर भल्या सकाळी, शहराच्या पश्चिमेच्या दुसऱ्या टोकाहून ती पकडावी. किल्ल्यावर जाण्यासाठी मात्र प्रासा दा फिगेइराहून ७३७ क्रमांकाची बस घ्यावी, किंवा नगरपालिकेच्या मोफत लिफ्टचा उपयोग करावा. बायशातल्या रुआ दोस फांकेइरोस या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत पहिली लिफ्ट आहे. तिच्यातून वरच्या रस्त्यावर बाहेर पडून थोडे चालले की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट लागते आणि किल्ल्याची बरीचशी चढण वाचते.

हा किल्ला ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिकेस या राजाने मूर (मुस्लिम) शासकांकडून जिंकला. तटावरून तेजो नदीचे रुंद पात्र आणि खालच्या बायशाचे सरळ रेषेतले रस्ते दिसतात, आणि हे शहर समजून घेण्याची किल्ली याच दृश्यात आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ नदीमुखातून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. सखल भाग उद्ध्वस्त झाला. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने बायशाची काटकोनी रस्त्यांची नवी आखणी करवली आणि इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे धक्के सोसणारा लाकडी सांगाडा बसवण्याची पद्धत आणली. आल्फामा मात्र बऱ्याच अंशी वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या आजही मध्ययुगीन वळणांच्या आहेत.

किल्ल्यावरून उतरताना सान्ता लुझियाच्या सज्जावर अवश्य थांबावे. बहुतेक लोक नदीकडे तोंड करून छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. आपण मागे वळून चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे पाहावे. तिथे निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर भूकंपापूर्वीचा प्रासा दो कोमेर्सिओ हा नदीकाठचा चौक रंगवलेला आहे, राजवाड्यासह. पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या कासा दा इंडिया या सरकारी संस्थेचे दफ्तर याच राजवाड्याच्या परिसरात होते आणि भूकंपात ते नष्ट झाले. संध्याकाळी त्या चौकात जाल तेव्हा हे चित्र डोळ्यांसमोर असले, की मोकळ्या जागेत काय होते ते कळते.

रात्री आल्फामात फादो हे इथले पारंपरिक गायन ऐकावे. जागा आधी राखून ठेवावी आणि जेवणासह किमान किती खर्च होईल हे विचारून घ्यावे. गाणे सुरू झाले की दिवे मंद होतात, वाढप थांबते आणि कोणी बोलत नाही. ही शिस्त आपणही पाळावी.

दुसरा दिवस: बेलेम

बेलेम शहराच्या केंद्रापासून सुमारे सहा किलोमीटर पश्चिमेला, नदीकाठी आणि सपाटीवर आहे, त्यामुळे चढण नसलेला हा दिवस मधे घ्यावा. १५ क्रमांकाच्या ट्रामने तिथे जाता येते. जेरोनिमोस मठाचे तिकीट आधी ऑनलाइन काढून उघडण्याच्या वेळी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, दाराशी हजर राहावे. अकरानंतर उन्हात दीर्घकाळ ताटकळावे लागते. बेलेमचा मनोरा जिना-चढ आणि रांगेच्या मानाने आत फारसे काही देत नाही, तो बाहेरून पाहिला तरी चालेल.

मठाला मात्र भरपूर वेळ द्यावा, आणि मराठी माणसाने तर जास्तच. मानुएल राजाने १५०१ च्या सुमारास सुरू केलेल्या या बांधकामाचा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरील, विशेषतः मसाल्यांवरील करातून भागवला गेला. म्हणजे मलबारची मिरी या दगडांत आहे. खांबांवर आणि कमानींवर पिळदार दोरखंड, सागरी वनस्पती आणि खगोलगोल कोरलेले दिसतील. याच शैलीची दगडी चौकट जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या दाराला आहे, आणि ती पाहिलेल्याला इथे ओळख पटते. चर्चमध्ये प्रवेशाजवळच वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, प्रथम तिथेच पुरला गेला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये या मठात आणले गेले. ज्या सत्तेने वसईवर १७३९ पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य केले तिचा आरंभ या घाटावरून निघालेल्या जहाजांत आहे. चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर आणलेली मानली जाणारी घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात पाहिलेली असेल, तर इथे उभे राहताना मनात येणारे विचार केवळ कौतुकाचे नसतील, आणि ते नसावेतच.

मठाशेजारी १८३७ पासून चालणारे पास्तेल द बेलेम या पेस्ट्रीचे दुकान आहे. बाहेरची रांग पार्सल नेणाऱ्यांची असते. आत बसायला अनेक दालने आहेत. या पेस्ट्रीत अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

तिसरा दिवस: शियादोची टेकडी

बायशा-शियादो मेट्रो स्थानकाचे सरकते जिने खालच्या दारापासून वरच्या दारापर्यंत तिकीट न काढताही वापरता येतात, त्यांनी वर जावे. १७५५ नंतर छप्पर मुद्दाम पुन्हा न उभारलेले कार्मोचे चर्च पाहावे आणि मग उतरून रोसिओजवळच्या साओ दोमिंगोसच्या चर्चमध्ये शिरावे. १९५९ च्या आगीत तडकलेले, काळवंडलेले खांब तिथे तसेच ठेवले आहेत आणि त्यांच्यामध्ये रोजची प्रार्थना चालते. दुपार राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयाला किंवा पूर्वीच्या खारवलेल्या माशांच्या गोदामात थाटलेल्या म्युझेउ दो ओरिएन्ते या संग्रहालयाला द्यावी. इंडो-पोर्तुगीज वस्तू दोन्हीकडे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलरचा भीषण अपघात झाला, तेव्हापासून अशा उतारगाड्यांवर विसंबून बेत आखू नये. सिंत्राला रोसिओहून रेल्वेने पाऊण तासात पोचता येते, पण तिथल्या राजवाड्यांना पूर्ण दिवस लागतो. तो चौथा दिवस असेल तरच जावे.

जेवण, चालणे आणि पैसे

बसल्याबरोबर टेबलावर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसते. नको असल्यास लगेच नम्रपणे परत करावे. काल्दो वेर्दे हे बटाटा आणि पालेभाजीचे सूप दिसते शाकाहारी, पण त्यात चोरीसचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा असतो. शाकाहाऱ्यांना मार्तीम मोनिझ आणि मोरारियाच्या परिसरात भारतीय उपखंडातल्या लोकांची दुकाने आणि खानावळी सापडतात.

पदपथांवरचे लहान दगडी ठोकळे वर्षानुवर्षांच्या वावराने गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात फार निसरडे होतात, म्हणून रबरी, पकड असलेल्या तळाचे बूट न्यावेत. एटीएम बँकेच्या भिंतीतलेच वापरावे आणि यंत्राने रुपयांत व्यवहार करायचा का असे विचारल्यास युरोच निवडावा. परतीच्या दिवशी विमानतळ जवळ आहे म्हणून उशिरा निघू नये: सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची वेगळी रांग असते, तेव्हा उड्डाणाच्या तीन तास आधी पोचावे.