ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ हिशेबाने काढा

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायची सवय चिपी (सिंधुदुर्गातला विमानतळ) ते मुंबईला खपून जाते. उत्तर ध्रुवाकडे ती सपशेल फसवते. कोकणात ज्या घरातलं कुणी बोटीवर आहे, तिथे नॉटिकल मैल सांगावा लागत नाही: अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. सगळा हिशेब यावरच.

आधी चिपीवर हात बसवा. चिपी १६°००′ उत्तर, ७३°३२′ पूर्व. मुंबई १९°०५′, ७२°५२′. अक्षांशांतला फरक १८५ मिनिटं, म्हणजे १८५ मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच). रेखांशांतला फरक ४० मिनिटं. त्याला मधल्या अक्षांशाच्या, साडेसतराच्या, कोसाइनने गुणा: ४० × ०.९५४ = ३८. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १८९ मैल, ३५० किलोमीटर.

आता नॉर्वे. ट्रॉम्सो ६९°४१′, १८°५५′. स्वालबार्ड बेटांवरचं लाँगियरब्येन ७८°१५′, १५°२८′. अक्षांशांचे ५१४ मैल. रेखांशांची २०७ मिनिटं, पण इथे कोसाइन जेमतेम ०.२७६, त्यामुळे हातात येतात ५७ मैल. उत्तर ५१७ मैल, सुमारे ९५८ किलोमीटर. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात लाँगियरब्येनजवळची जमीन जवळपास पाचपट ताणलेली असते, म्हणून पट्टी भलतंच सांगते.

हमखास होणारी चूक: फोन ६९.६८ असे दशांश दाखवतो, चार्ट ६९°४१′. दशांशातले ६८ मिनिटं समजून घातले की गणित गेलंच. ०.६८ ला ६० ने गुणा.

पूर्व-पश्चिम लांब पल्ल्याला मात्र ही रीत वापरू नका. ट्रॉम्सोहून अलास्कातल्या उत्कियाग्विकला (७१°१७′ उ., १५६°४६′ प.) ती साडेतीन हजार मैल दाखवते, ध्रुवाजवळून जाणारा खरा जवळचा मार्ग २,३४० मैलांचा आहे. तिथे गोलीय त्रिकोणाचं सूत्रच हवं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार, आलेल्या आकड्याचा उलटा कोसाइन अंशांत घ्या, त्याला ६० ने गुणा.

वेळेसाठी जेटचा वेग ४४० नॉट, म्हणजे तासाला ४४० नॉटिकल मैल धरा. ५१७ ला सत्तर मिनिटं, वर धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास: एक तास चाळीस. समोरून ५० नॉट वारा असेल तर सत्तरची ऐंशी होतात, पाठीमागून असेल तर त्रेसष्ट. चिपीला २७० नॉटचं एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) धरलं तर बेचाळीस मिनिटं हवेत, आणि धावपट्टी, चढण्या-उतरण्याची वरची पंचवीस मिनिटं तरी सुटत नाहीत. छोट्या पल्ल्याला हीच जास्त जाणवतात.

ट्रॉम्सो आणि लाँगियरब्येनचं घड्याळ एकच, भारताच्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे. पासपोर्ट तपासणीचा वेळ वेगळा धरा आणि परतीसाठी किमान दोन प्रवेशांचा व्हिसा घ्या.