थंडीत कोंबड्या घरघरू लागल्या तर औषधाआधी खुराडं बघा

दिवाळी सरली, रात्री गार व्हायला लागल्या की परसातल्या कोंबड्यांच्या तक्रारी सुरू होतात. शिंका, नाक गळणं, डोळ्यांत फेस, रात्री खुराड्यातून घरघर. मग दुकानातून कुणी सांगेल ती पुडी येते आणि पाण्यात पडते. दोन दिवसांत आवाज थांबला नाही की दुसरी पुडी येते. यात पैसाही जातो आणि पक्षीही. थंडीतल्या घरघरीला वाट करून देते ती खुराड्यात कोंडलेली हवा. ती तशीच राहिली तर कुठलंही औषध पुरं पडत नाही.

थंडी लागेल म्हणून आपण खुराड्याला चारही बाजूंनी गोणपाट नाहीतर ताडपत्री बांधतो. आत शिट साठते, पक्ष्यांच्या श्वासाची ओल त्यात मिसळते आणि अमोनिया हा झोंबणारा वायू तयार होतो. श्वासनळीच्या आत अतिशय बारीक केस असतात. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम ते करतात. अमोनियाने तेच निकामी होतात आणि एरवी किरकोळ ठरणारा जंतूही थेट छातीत उतरतो. पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली वाका आणि कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पक्षी रात्रभर त्याच हवेत होते असं समजा. उभ्याने वास येत नाही म्हणून हवा चांगली असं मानू नका.

उपाय साधा आहे. बसायच्या काठीच्या उंचीपर्यंत गोणपाट राहू द्या, म्हणजे झोत अंगावर येणार नाही. वर छपराखाली मात्र दोन्ही बाजूंना वीतभर फट उघडी ठेवा. मोठी कोंबडी पिसं फुलवून कोरडी थंडी सोसते, दमट हवा तिला सोसत नाही. लहान पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना रात्री बल्बची ऊब लागतेच. खाली भाताचं तूस असेल तर ते रोज हलवा आणि ओला भाग उचलून खतात टाका. बुरशी आलेलं तूस किंवा भुसा अजिबात वापरू नका. ती बुरशी पिल्लांच्या फुफ्फुसात वाढते आणि त्यावर गुणकारी उपचार नाही. ओल्या शिटेवर चुना भुरभुरायची सवयही सोडा, त्याने अमोनिया कमी न होता जास्त उडतो. चुना मारायचाच असेल तर सगळं काढून, जमीन झाडून, पक्षी बाहेर असताना मारा.

आता आजार ओळखायचा. अंधार पडल्यावर, पक्षी काठीवर शांत बसले की खुराड्याजवळ गुपचूप उभे राहा. दिवसा न कळणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते आणि किती पक्ष्यांना आहे याचा अंदाज येतो. आठवडेच्या आठवडे चालणारी घरघर, डोळ्यांत फेस, अंडी घटलेली, पण मरतूक फारशी नाही, असं असेल तर मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणाऱ्या सीआरडीचा, म्हणजे श्वासाच्या जुनाट आजाराचा संशय घ्या. एकीकडचा गाल सुजलेला, डोळा मिटलेला आणि नाकातल्या चिकट स्रावाला घाण वास असेल तर तो बहुधा कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची जंतूंमुळे होणारी सर्दी. कोंबडी मान ताणून, चोच उघडून हवा ओढत असेल तर चोच उघडून आत बघा. घशात पिवळट पापुद्रे दिसले तर कोंबड्यांची देवी आतून उठली असेल. पापुद्रे ओरबाडू नका, रक्त येतं आणि पक्षी गुदमरतो.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, मात्र थांबायला वेळ देत नाही. घरघरीबरोबर हिरवट पातळ शिट, पंख लुळे, मान पिरगळलेली आणि एकामागून एक मरतूक. लस न दिलेला अख्खा कळप काही दिवसांत संपू शकतो. हा विषाणू आहे, कुठलंही अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

सीआरडी आणि कोरायझाला औषध आहे, पण ते पशुवैद्यकाने ठरवावं. कारणही सांगतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनच्या गटातली औषधं त्यावर चालत नाहीत. टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालतं, पण मात्रा आणि दिवस पुरे व्हायला हवेत. डॉक्सिसायक्लिन चालू असताना शिंपल्याचा चुरा किंवा चुन्याचं पाणी देऊ नका, कॅल्शियमने औषध बांधलं जातं. औषधाचं पाणी रोज ताजं करा आणि दुसरं पाणी समोर ठेवू नका. त्या काळातली अंडी आणि मांस किती दिवस वापरायचं नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या. घरातली मुलं तीच अंडी खातात, हे विसरून चालत नाही.

आजारी पक्षी लगेच वेगळ्या डालग्याखाली, उबेत ठेवा. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात भिजवलेल्या कापसाने नाकपुड्या आणि डोळे पुसा. गुळाचं पाणी, भिजवलेली कणी द्या, शेवग्याचा किंवा मेथीचा पाला चिरून घाला. हिरव्या पाल्यातून मिळणारं अ जीवनसत्त्व नाका-घशाचं अस्तर धड ठेवतं. हळद, तुळस, लसूण द्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून दवाखाना लांबवू नका. चारा-पाणी आधी निरोग्या पक्ष्यांना, मग आजाऱ्यांना द्या आणि नंतर हात-पाय धुवा.

अचानक पुष्कळ पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर तो बर्ड फ्लू असू शकतो; कुणाला विकू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो 2006 मध्ये आपल्याच नवापूरला, आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही तो निघाला. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवा आणि ते सांगतील तशी विल्हेवाट लावा.

बरी झालेली कोंबडी पुढेही जंतू बाळगून राहते आणि मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणून घरघर होऊन गेलेल्या कोंबडीची अंडी खुडुकीखाली बसवू नका, ती कितीही चांगली घालणारी असली तरी. आठवडे बाजारातून आणलेला पक्षी किमान तीन आठवडे वेगळा ठेवा.

मानमोडीची लस चुकवू नका. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचून घ्या. एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांपुरती लस असते, दहा कोंबड्यांसाठी ती फोडायला जिवावर येतं. वाडीतल्या पाच-सहा घरांनी दिवस ठरवून, बर्फात आणून, विरघळवल्यापासून दोन तासांत संपवली तर कुणाचंच नुकसान होत नाही. घरघरणाऱ्या कळपाला लस देऊ नका, आधी बरा होऊ द्या. लासोटानंतर तीन-चार दिवस निरोगी पक्षीही थोडे शिंकतात. तेवढ्यावरून औषध सुरू करू नका, पण आठवडा उलटूनही शिंका राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.