नवशिक्यांसाठी ट्यूटोरियल आखताना आधी शेवटचा स्क्रीन ठरवा

फ्रेमवर्कचं, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्याचं, पहिलं ट्यूटोरियल लिहायला बसलं की हात आपोआप 'आर्किटेक्चर' या मथळ्याकडे जातो. तो आवरा. ज्याने फ्रेमवर्क कालच उतरवून घेतलंय, त्याला राउटर आणि मिडलवेअर या आतल्या भागांचं नातं कळून काय करायचंय? आपल्या मशीनवर काहीतरी चालतंय, एवढं त्याला बघायचं असतं. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. शेवटची पायरी झाल्यावर वाचकाच्या स्क्रीनवर काय दिसेल, ते एका वाक्यात लिहा. 'वाचकाला फॉर्म हाताळता येतील' हे वाक्य कामाचं नाही. 'प्रश्न दिसतो, मत देता येतं, मतांची बेरीज दिसते' हे कामाचं.

पायथन भाषेतल्या जँगो फ्रेमवर्कचं अधिकृत ट्यूटोरियल अशाच मतदानाच्या छोट्या ॲपवर उभं आहे, फ्लास्कचं ब्लॉगवर, रिॲक्टचं फुली-गोळ्यावर. ही ॲप्स काय करतात हे कोणालाच समजावून द्यावं लागत नाही, त्यामुळे वाचकाचं सगळं लक्ष फ्रेमवर्कवर राहतं. विमा किंवा गोदामाचा हिशेब असं उदाहरण घेतलंत, तर निम्मा वेळ विषय समजावण्यातच जाईल.

आता ते ॲप आधी स्वतः पूर्ण बांधा आणि मग कापायला घ्या. जे काढलं तरी शेवटचा स्क्रीन तसाच दिसतो, ते सगळं बाहेर. लॉगिन बहुधा बाहेरच जातं. सुंदर सीएसएसही (पानाच्या रंगरूपाचा कोड) जातं, आणि तिथेच जीव तुटतो. जे उरेल त्याच्या सहा ते आठ पायऱ्या पाडा. पूर्ण ट्यूटोरियल ६० ते ९० मिनिटांच्या एका बैठकीत संपावं, आणि इन्स्टॉलेशन धरून पहिल्या १० मिनिटांत ब्राउझरमध्ये काहीतरी उमटावं. एका पायरीत एकच नवी कल्पना आणि साधारण १५ ओळींचा कोड. त्यापुढे गेलं की वाचक टाइप करणं सोडून कॉपी-पेस्टवर येतो.

प्रत्येक पायरीसाठी एका तक्त्यात पाच रकाने भरा: कोणती फाइल उघडायची, त्यात काय टाइप करायचं, कोणती कमांड द्यायची, स्क्रीनवर काय दिसेल, आणि काय चुकू शकतं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती पायरी स्वतंत्र ठेवू नका, पुढच्या पायरीत मिसळा. काहीही न दिसता सलग दोन पायऱ्या गेल्या की आपलं चुकतंय की बरोबर, हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही.

पाचवा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि तो खाऊ द्यावा. जँगोच्या पहिल्या भागातली एक पायरी बघा. वाचक एक व्ह्यू (पान तयार करून देणारं फंक्शन) लिहितो, ॲपच्या यूआरएल फाइलमध्ये त्याचा पत्ता नोंदवतो, ती फाइल प्रोजेक्टच्या यूआरएल फाइलमध्ये जोडतो आणि सर्व्हर सुरू करतो. सगळं बरोबर असूनही ब्राउझरमध्ये ४०४ ('पान सापडलं नाही') येऊ शकतो, कारण त्याने नुसता लोकलहोस्टचा, म्हणजे स्वतःच्या मशीनचा, पत्ता उघडला आणि पान मात्र 'पोल्स' या मार्गावर आहे. ही चूक इतकी ठरलेली आहे, की ट्यूटोरियलमध्ये त्याच जागी तशी टीप दिलेली आहे. टीप अशीच हवी: चूक जिथे होते तिथेच, दोन ओळींत. शेवटी जोडलेल्या 'अडचणी आणि उपाय' पानापर्यंत अडकलेला माणूस पोचतच नाही.

डेटाबेसच्या पायरीतही तसंच. मायग्रेट करायचं, म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी कमांड द्यायची, राहिली तर 'नो सच टेबल' असा एरर येतो. ॲपचं नाव सेटिंग्जमधल्या यादीत घालायचं राहिलं, तर मायग्रेशन बनवण्याची कमांड त्या नावाचं ॲपच नाही म्हणते. ट्यूटोरियलमध्ये एररचा मजकूर जसाच्या तसा छापा, कारण वाचक तोच शोधणार आहे.

वाचकाला कुठेही निवड करायला लावू नका. 'एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेस यांपैकी कोणताही डेटाबेस वापरा' हे वाक्य तज्ज्ञाला उदार वाटतं, नवख्याला मात्र ती परीक्षा वाटते. एसक्यूलाइट म्हणा आणि पुढे चला. का, हेही एका ओळीपेक्षा जास्त सांगू नका. सविस्तर कारणांसाठी वेगळं पान असतं. ट्यूटोरियल, कृतीची पानं, संदर्भ आणि विवेचन असे कागदपत्रांचे चार प्रकार पाडायची 'डायटॅक्सिस' ही पद्धत याच कामाची आहे.

इन्स्टॉलेशनमध्ये आवृत्ती बांधून द्या, म्हणजे कमांडमध्येच नेमका आकडा लिहा. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. आवृत्ती न सांगता इन्स्टॉल करायला लावलं, तर पायथन ३.९ वाल्याच्या मशीनवर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) गुपचूप जँगो ४.२ बसवतो. मग वाचक चौथ्या-पाचव्या पायरीला कुठेतरी अडकतो आणि दोष स्वतःला देतो. आवृत्ती बांधलेली असली तर गाडी तिथेच थांबते आणि कारण दिसतं. विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) सुरू करणारी स्क्रिप्ट पॉवरशेल ही विंडोजची कमांड-खिडकी मूळ धोरणानुसार चालूच देत नाही, म्हणून विंडोजच्या कमांड वेगळ्या लिहा आणि त्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायला सांगा. कमांडच्या आधीचं डॉलर चिन्हही काढून टाका. लोक ते कॉपी करतातच.

कोड ठेवायचा कसा, यावर मतभेद आहेत. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात प्रत्येक पायरीला एक टॅग (खूण) दिसायला छान, पण दुसऱ्या पायरीतली चूक सुधारायची तर पुढचे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) रिबेस करून, म्हणजे नव्याने रचून, टॅग हलवावे लागतात. आठ पायऱ्यांपर्यंत प्रत्येक पायरीचा वेगळा फोल्डर बरा. फाइली पुन्हापुन्हा येतात खऱ्या, पण नवीन योगदान देणाराही त्या न घाबरता दुरुस्त करू शकतो. पानावरचा कोड हाताने चिकटवू नका. स्फिंक्स या कागदपत्रं बनवणाऱ्या साधनात 'लिटरलइन्क्लूड' ही सूचना वापरून तो थेट त्या फाइलींतून ओढा, म्हणजे पान आणि कोड यांची फारकत होत नाही.

मसुदा झाला की फ्रेमवर्क कधीच न वापरलेली तीन माणसं गाठा. त्यांतल्या एकाचं मशीन विंडोजचं हवंच. त्यांच्या शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. कर्सर कुठे थांबला, नजर कुठे मागे गेली, ती मिनिटं टिपा. दोघं एकाच जागी थांबले तर वाक्य बदलू नका, पायरीच मोडून दोन करा.

शेवटी हे सगळं जिवंत ठेवायची सोय. प्रत्येक फोल्डरची चाचणी आठवड्यातून एकदा आपोआप चालेल असं वेळापत्रक लावा, म्हणजे एखादं अवलंबित पॅकेज बदललं तर वाचकाआधी तुम्हाला कळेल. गिटहबवर हे करत असाल तर लक्षात ठेवा, सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही की वेळापत्रकावरच्या या चाचण्या बंद केल्या जातात. ट्यूटोरियलची रिपॉझिटरी वेगळी ठेवली की असं हमखास होतं, म्हणून ती फ्रेमवर्कच्या मुख्य रिपॉझिटरीतच ठेवा.