सेकंडहँड सॅन्डर घेतलाय? फेकायच्या आधी उघडून बघा

मुंबईच्या चोरबाजारातून ऑर्बिटल सॅन्डर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन) आणला, विकणाऱ्याने प्लग लावून घर्रर्र करून दाखवला होता, घरी आणून टेबलावर दहा मिनिटं चालवला नाही तोच बंद. वाटलं पैसे पाण्यात गेले. पण उघडल्यावर कळलं की मोटर ठणठणीत आहे, फक्त घासून संपणारे पार्ट संपलेत, आणि ते आपले आपल्याला बदलता येतात.

आधी प्लग काढा. नुसतं स्विच बंद करून चालत नाही. बॉडी खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा, नाहीतर शेवटी दोन स्क्रू उरतात आणि आपण विचार करत बसतो.

पहिला संशय कार्बनवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर. मोटरच्या दोन बाजूंना दोन असतात, काही मॉडेलमध्ये बाहेरच झाकण असतं, काहींत बॉडी उघडावी लागते. माझा एक कार्बन जेमतेम ४ मिमी उरला होता, स्प्रिंग पूर्ण ताणूनही तो कम्युटेटरला (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) टेकत नव्हता. ५-६ मिमीच्या खाली गेला की बदलायचा आणि दोन्ही एकदमच बदलायचे. जुना खिशात टाकून लोहार चाळीत (मुंबईतला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) जा, मापाचा मिळतो, किंचित जाड निघाला तर कानशीने घासून बसवा, खाचेत सैल सरकला पाहिजे. कम्युटेटर काळा पडला असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा टूथपिकने साफ करा.

मग बेअरिंग. शाफ्ट हाताने हळू फिरवा, वाळू दळल्यासारखं लागलं तर गेलं समजा. आपल्याकडे पावसाळ्याची दमट हवा आणि वर लाकडाचा भुसा, गंज लवकर पकडतो. नंबर कडेवर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६०८ म्हणजे आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिमी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात नंबर सांगितला की काउंटरवर ठेवतात, पण पत्र्याच्या झेडझेडऐवजी रबर सीलवालं टूआरएस मागा, धूळ कमी शिरते. जुनं शाफ्टवरून ओढून काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं, गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळून जाईल. नवीन बसवताना आतल्या रिंगवरच पाइपचा तुकडा ठेवून हलकं ठोका, बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर गोळ्या फिरतात त्या खाचेत खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं.

वेल्क्रोचं पॅड हे सोपं काम. जोर देऊन घासलं की गरम होऊन हुक वितळतात आणि त्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर उडतो. पॅड १२५ मिमीचं आहे का आणि भोकं किती, एवढं जुळलं पाहिजे, शिवाय मधोमध एकच स्क्रू आहे की तीन-चार तेही बघा. पॅडच्या मागे एक रबरी ब्रेक रिंग असते, तिच्याकडे कोणी बघतच नाही. सॅन्डर लाकडावरून उचलल्यावर पॅड सुसाट सुटत असेल तर ती झिजली, आणि मग परत टेकवलं की लाकडावर गोल ओरखडे.

जोडताना वायर बॉडीच्या दोन भागांत चिमटू देऊ नका. पेपर न लावता, पॅड हवेत धरून पाच मिनिटं चालवा. कार्बनपाशी बारीक ठिणग्या दिसतील, नवीन कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसला की त्या कमी होतात. कम्युटेटरभोवती पूर्ण रिंगण करून ठिणग्या फिरत असतील तर लगेच प्लग काढा, बहुतेक आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलंय आणि ते वाइंडिंग करून घेण्यापेक्षा दुसरा सॅन्डर स्वस्त पडेल.